जीपची गंजलेली चेसिस: भोक बुजवण्याआधी समजून घ्यायच्या गोष्टी

माठ घेताना आपण तो वाजवून घेतो. टणटणीत वाजला तर घरी आणायचा, बद्द वाजला तर खाली ठेवायचा. जुन्या जीपच्या चेसिसची, म्हणजे गाडीखालच्या लोखंडी सांगाड्याची, परीक्षाही इथूनच सुरू होते. गाडीखाली उताणं झोपायचं, डोळ्यांवर गॉगल चढवायचा आणि छोटी हातोडी घेऊन पुढच्या बंपरपासून मागच्या हुकापर्यंत टकटक करत सरकत जायचं. चांगलं लोखंड खणखणतं आणि हातोडी उसळून परत येते. गंजाने खाल्लेल्या जागी आवाज बसतो, हातोडी रुतल्यासारखी होते आणि तोंडावर तांबडे पापुद्रे पडतात.

आमच्याकडे चिपळूणजवळ १९६० च्या दशकातली एक हाय बॉनेट जीप आहे. घेतली तेव्हा रंग छान होता, पत्रा सरळ होता, टपाचं कापड नवं होतं. दुसऱ्या पावसाळ्यानंतर डाव्या बाजूला, मागच्या पाट्याचा (स्प्रिंगचा) हँगर जिथे चेसिसला बसतो तिथे, हातोडी बद्द वाजली. काळा रंग खरवडला तर खाली आधीच कुणीतरी लावलेलं ठिगळ निघालं. ठिगळाचा पत्रा नवा, जाड, चारी बाजूंनी नीट वेल्ड केलेला. पण ते वेल्डिंग ज्या लोखंडावर केलं होतं ते इतकं खाल्लेलं होतं की स्क्रूड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. ठिगळ शाबूत होतं, त्याच्या भोवतीची चेसिस संपली होती.

ही चूक खूप ठिकाणी होते. तिच्यामागे निष्काळजीपणा असतोच असं नाही. चेसिस काय काम करते, गंज कुठून येतो आणि वेल्डिंग लोखंडाचं काय करतं, हे कुणी उलगडून सांगितलेलं नसतं म्हणून ती होते. ते इथे सांगतो.

आधी आपण कोणत्या गाडीबद्दल बोलतोय ते थोडक्यात. दुसऱ्या महायुद्धात विलिस आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून जास्त लष्करी जीप बनवल्या. युद्धानंतर त्यातल्या काही इथेच लिलावात निघाल्या. १९४० चं दशक संपता संपता महिंद्राने मुंबईत माझगावला विलिसच्या जीप जोडायला सुरुवात केली. पुढे ‘सीजे-३बी’ आली. तिचं इंजिन जास्त उंच होतं, म्हणून बॉनेटही उंच करावं लागलं आणि आपल्याकडे तिला हाय बॉनेट हे नाव पडलं. जुन्या झाल्या लो बॉनेट. या सगळ्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, ८० इंचांचं. चेसिसही एकाच धाटणीची: दोन लांब पट्ट्या आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, शिडी आडवी ठेवावी तशी. त्यामुळे पुढचं सगळं लो आणि हाय दोन्हींना लागू पडतं.

साकव आणि चेसिस

ओढ्यावरच्या साकवाची फळी डोळ्यांसमोर आणा. मधोमध माणूस उभा राहिला की फळी वाकते. तिची वरची बाजू दाबली जाते, खालची बाजू ताणली जाते, आणि जाडीच्या मधोमध असलेल्या लाकडावर जवळजवळ काहीच ताण नसतो. चेसिसची पट्टीही दोन चाकांच्या मधल्या भागात अशीच वागते. तिचा छेद घेतला तर तो इंग्रजी सी अक्षरासारखा दिसतो: एक उभी भिंत, वर एक ओठ, खाली एक ओठ. गाडीचं आणि माणसांचं वजन मुख्यतः हे दोन ओठ पेलतात. उभ्या भिंतीचं काम त्यांना एकमेकांपासून दूर धरून ठेवण्याचं. म्हणूनच जाणकार माणूस चेसिसला भोक पाडायची वेळ आली तर ते भिंतीच्या मध्यावर पाडतो, ओठाला ड्रिल लावत नाही.

आता पाणी कुठे साचतं ते बघा. खालचा ओठ म्हणजे आयताच पन्हळ. चाकाने उडवलेला चिखल, पाला, पाणी सगळं त्यावर बसतं. म्हणजे ज्या भागावर सर्वात जास्त ताण, तोच भाग सर्वात जास्त वेळ ओला. भिंतीत हाताएवढं भोक दिसलं की लोक घाबरतात, आणि खालचा ओठ अर्धा झिजला असला तरी तो दिसत नाही म्हणून गाडी तशीच घाटात नेतात. मला स्वतःला त्या भोकापेक्षा या ओठाची भीती जास्त वाटते.

शिडीसारखी चेसिस मुद्दाम थोडी लवचीक ठेवलेली असते, हेही लक्षात ठेवायला हवं. एक चाक दगडावर चढलं की चेसिस किंचित पिळते आणि दगड उतरला की पुन्हा सरळ होते. ‘जाड पत्रा घाला, आणखी मजबूत होईल’ हा गॅरेजमधला लाडका सल्ला इथेच फसतो. तीन मिलिमीटरच्या पट्टीवर सहा मिलिमीटरचं ठिगळ बसवलं की तेवढा तुकडा पिळायचं नाकारतो. मग तो सगळा पीळ ठिगळाच्या कडेला गोळा होतो आणि वर्ष-दोन वर्षांनी बरोबर त्या कडेला तडा जातो. नवा पत्रा जुन्याच्याच जाडीचा हवा. ती जाडी अंदाजाने ठरवायची नाही. त्याच चेसिसवर जिथे मूळ रंग अजून टिकून आहे अशी जागा शोधायची आणि व्हर्नियरने मोजायची.

गंज आतून येतो

लोखंड, पाणी आणि हवेतला ऑक्सिजन एकत्र आले की गंज होतो, हे शाळेत शिकलेलं असतं. पण तांब्यावर हिरवट थर चढतो आणि तिथे थांबतो, ॲल्युमिनियमवरही थर चढतो आणि थांबतो, मग लोखंडच असं संपेपर्यंत का खाल्लं जातं? कारण गंज लोखंडाला धरून राहत नाही. तो सच्छिद्र असतो, पाणी धरून ठेवतो आणि फुगून पापुद्र्यांनी सुटतो. पापुद्रा सुटला की खालचं कोरं लोखंड पुन्हा उघडं पडतं. गंजाचं आकारमान मूळ लोखंडाच्या कितीतरी पट असतं. त्यामुळे दोन पत्रे एकावर एक रिव्हेट केलेले असतील तर त्यांच्या फटीत गंज धरला की तो पाचरीसारखा दोन्ही पत्रे दूर ढकलतो. जीपच्या क्रॉस मेंबरच्या जोडापाशी पट्ट्या फुगलेल्या आणि रिव्हेटची डोकी उडालेली दिसतात ती यामुळे.

फटींची आणखी एक गंमत आहे, आणि ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा मला खरी वाटली नव्हती. ओल्या लोखंडाला जिथे भरपूर हवा मिळते तिथे ते कमी खाल्लं जातं. जिथे हवा कमी पोचते, म्हणजे फटीत, चिखलाच्या थराखाली, ओल्या गोणपाटाखाली, तिथे जास्त. हवेशीर आणि कोंदट अशा दोन भागांमध्ये छोटा विद्युत्‌घट तयार होतो आणि त्यात कोंदट भागातलं लोखंड विरघळत जातं. चिखलाने माखलेली चेसिस ‘झाकलेली आहे, म्हणजे सुरक्षित आहे’ असं समजू नये. उलट तो चिखलच तिला पोखरत असतो.

त्यात मीठ आलं की पाणी वीज आणखी चांगली वाहून नेतं, आणि मीठ स्वतः हवेतली ओल ओढून घेतं. किनाऱ्यावर उभी राहणारी गाडी पाऊस नसतानाही ओलीच असते ती अशी. आमच्या जीपच्या पुढच्या भागात पट्टीच्या आतून दुसरा पत्रा लावून ती पेटीसारखी बंद केलेली आहे. त्या पेटीतून तार घालून चिखल काढला तर अर्धं घमेलं भरलं. वरची माती कोरडी होती, तळाची अजून ओली. एप्रिल महिना होता.

याशिवाय बॅटरीखालची जागा तपासा. तिथे पाण्याबरोबर ॲसिडही पडलेलं असतं.

कापण्याआधी

बॉडी उतरवायची की नाही, हा पहिला निर्णय. दोन-तीन ठिकाणीच गंज असेल तर बॉडी वर ठेवून काम होतं आणि बॉडीमुळे चेसिस थोडी जागेवरही राहते. दोन्ही पट्ट्यांवर लांबवर खाल्लेलं असेल तर उतरवाच. अर्धवट दिसणाऱ्या जागी अर्धवट वेल्डिंग होतं.

या जीपची पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते, म्हणजे चेसिसच्या अगदी डोक्यावर. वेल्डिंगआधी ती काढून दूर न्यायची, नुसती रिकामी करून भागत नाही. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ आणि हवा यांचं मिश्रण असतं आणि ते भरल्या टाकीपेक्षा धोकादायक. बॅटरी सोडवायची, पट्टीला चिकटून गेलेले ब्रेकचे पाइप आणि वायरी बाजूला करायच्या, जवळ वाळूची बादली आणि एक माणूस ठेवायचा. जुन्या रंगाबद्दलही सावध राहा. लोखंडावर पूर्वी जो शेंदरी प्रायमर मारत त्यात शिसं असे. शेंदूर म्हणजे शिशाचाच तो ऑक्साइड. असा थर दिसला तर कोरडा घासू नका, ओला करून खरवडा आणि चांगला मास्क लावा.

मग मोजमाप. सपाट कोबा शोधायचा, चेसिस चार घोड्यांवर (लोखंडी स्टँडवर) ठेवायची आणि प्रत्येक हँगरच्या, प्रत्येक बोल्टच्या भोकातून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने खूण करायची. गाडी बाजूला घेतल्यावर जमिनीवर चेसिसचा नकाशा उमटलेला असतो. डाव्या पुढच्या खुणेपासून उजव्या मागच्या खुणेपर्यंत आणि उजव्या पुढच्यापासून डाव्या मागच्यापर्यंत दोरी लावा. दोन्ही कर्ण सारखे आले तर चेसिस काटकोनात आहे. काही जीपांनी आयुष्यभर वडापला पंधरा-पंधरा माणसं वाहिलेली असतात. अशा गाडीत इथेच फरक सापडतो, आणि तो वेल्डिंगआधी सापडलेला बरा. वाकडी चेसिस वेल्ड केली तर ती कायमची वाकडी होते.

त्यानंतर वायर ब्रशने किंवा वाळू मारून लोखंड पांढरं होईपर्यंत साफ करायचं. तड्यांसाठी एक जुनी युक्ती आहे. जागेवर रॉकेल किंवा डिझेल लावायचं, थोडं थांबून कोरडं पुसायचं आणि वरून खडूची पूड भुरभुरायची. तड्यात मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या पुडीवर केसासारखी काळी रेघ उमटते. दुकानात लाल रंगाचे स्प्रे मिळतात ते याच तत्त्वावर चालतात आणि जास्त नेमके असतात.

किती कापायचं? भोकाच्या कडेला थांबायचं नाही. कडेपासून मागे सरकत जाडी मोजत जायचं आणि जिथे ती चांगल्या जागेच्या जवळपास येते तिथे खूण करायची. मी स्वतः पाव हिश्शाहून जास्त झिजलेलं लोखंड ठेवत नाही. आमच्या जीपमध्ये भोक तीन इंचांचं होतं आणि कापावं लागलं चौदा इंच. आमच्या वेल्डरकाकांनी खडूची रेघ मारली तेव्हा माझा जीव वरखाली झाला. पण कापलेला तुकडा हातात आल्यावर त्याच्या कडा बिस्किटासारख्या बोटाने मोडत होत्या.

वेल्डिंग

वेल्डिंगच्या रेघेलगत लोखंडाचा एक अरुंद पट्टा तापून पुन्हा थंड झालेला असतो आणि तिथली घडण बदललेली असते. तडे बहुधा रेघेत पडत नाहीत, तिच्या शेजारच्या या पट्ट्यात पडतात. पट्टी सरळ उभी कापून तुकडा जोडला तर हा कच्चा पट्टा वरच्या ओठापासून खालच्या ओठापर्यंत एकाच ओळीत येतो, आणि गाडी वाकायला तिला तयार घडीच मिळते. म्हणून काप तिरका घ्यायचा किंवा पायरीपायरीने. मग कुठल्याही एका ठिकाणी वेल्डिंगचा थोडाच भाग येतो, बाकी अखंड लोखंड असतं.

वरून आधाराची पट्टी लावायची असेल तर ती चौकोनी कापू नका, शंकरपाळीच्या आकाराची कापा. चौकोनी ठिगळाच्या उभ्या कडेशी ताण एकदम थांबतो. शंकरपाळीच्या निमुळत्या टोकाकडे तो हळूहळू उतरत जातो. ती बसवायची उभ्या भिंतीवर. खालच्या ओठावर आडवी रेघ शक्यतो मारूच नये.

कडा ग्राइंडरने उतरत्या करून जोडात बारीक फट ठेवली की वेल्डिंग आरपार जातं. नाहीतर वर सुरेख माळ दिसते आणि आत दोन पत्रे नुसते शेजारी उभे असतात. साध्या वेल्डिंगला गल्लीतल्या प्रत्येक दुकानात ६०१३ नंबरचा रॉड मिळतो. पण चेसिससारख्या ताणाच्या कामाला ७०१८ जास्त भरवशाचा. त्याची अट एकच, तो कोरडाठाक हवा. रॉडवरच्या लेपात ओल असली तर वेल्डिंगच्या उष्णतेने पाण्यातला हायड्रोजन सुटून धातूत शिरतो आणि नंतर तडे पाडतो. पावसाळ्यात उघड्या पाकिटातला ७०१८ भट्टीत भाजल्याशिवाय वापरू नये. कोकणात हे काम मार्च-एप्रिलमध्ये उरकलेलं चांगलं.

वेल्डिंग थंड होताना आकसतं आणि आकसताना पट्टीला ओढतं. एका दमात लांब रेघ मारली तर चेसिस केळ्यासारखी वाकू शकते. आधी सगळीकडे टाके (ठिपक्याएवढे छोटे वेल्ड) घालायचे, ओळंब्याच्या खुणा पुन्हा तपासायच्या, मग इकडे इंचभर, पलीकडच्या टोकाला इंचभर, असं फिरत राहायचं. मध्ये हात लावून बघायचा, चटका बसतोय तोवर थांबायचं. घाई म्हणून पाणी ओतायचं नाही. रेघेच्या कडेला खाच पडली असेल तर ती भरून घासून घ्या, कारण पुढचा तडा तिथूनच निघतो. नुसता तडा दुरुस्त करायचा असेल तर आधी त्याच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडायचं. टोकदार तडा पुढे धावतो, गोल भोकात पोचला की ताण वाटला जातो आणि तो थांबतो.

उडालेल्या रिव्हेटच्या जागी बोल्ट घालता येतो, पण तो घट्ट मापाचा आणि ८.८ किंवा त्यावरच्या ग्रेडचा हवा. भोकात हलणारा बोल्ट काही महिन्यांत भोक लांबट करून ठेवतो.

नंबर आणि नियम

चेसिस नंबर ठोकलेला तुकडा कापायचा नाही, त्यावर ग्राइंडर फिरवायचा नाही, त्याच्या शेजारी वाळूही मारायची नाही. तो गेला तर गाडीची ओळख गेली, आणि पुढे आरटीओत ती सिद्ध करणं फार अवघड. तिथलाच भाग गंजला असेल तर हात लावण्याआधी आरटीओची लेखी परवानगी काढा.

जुलै २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळी नोंदणी आली. पहिल्या नोंदणीला ५० वर्षं उलटलेली, मूळ रूपात जपलेली गाडी त्यात बसते. शुल्क २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, नंतर ५,००० रुपयांत पुनर्नोंदणी, आणि नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं. रोजच्या किंवा धंद्याच्या वापराला मात्र अशी गाडी काढता येत नाही. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठे फेरफार केलेले नसावेत, ही यातली कळीची अट. म्हणून गंजलेला भाग होता त्याच आकारात, त्याच मापात परत करायचा. चेसिस लांबवायची नाही, वाटेल तसे क्रॉस मेंबर घालायचे नाहीत. युद्धकाळातल्या विलिसचा पुढचा क्रॉस मेंबर गोल नळीचा असतो आणि फोर्डचा उलट्या पन्हळीसारखा. ‘हा बसतोय’ म्हणून एकाच्या जागी दुसरा ठोकला तर गाडी चालेल, पण ती कोणाची होती हे सांगणारी खूणच पुसली जाईल. काम सुरू करण्याआधी, मधे आणि शेवटी फोटो काढून ठेवा.

नंतरची काळजी

वेल्डिंगने आतला रंग जळतो, आणि आत तर ब्रश पोचत नाही. बाहेरून कितीही छान रंगवलं तरी पुढचा गंज तिथूनच सुरू होणार. बाहेर इपॉक्सी किंवा जस्ताचा प्रायमर मारून वर रंग द्या. पेटीच्या आत लांब नळीच्या स्प्रेने पातळ मेण मारा. ते फटीत झिरपतं आणि मऊ राहतं, त्यामुळे चेसिस पिळली तरी त्याला भेगा जात नाहीत. आपल्याकडे पावसाळ्याआधी चेसिसला इंजिनचं जुनं ऑइल फासायची पद्धत आहे. त्याने गंज थोडा लांबतो हे खरं, पण ते रबराला खातं, मातीत टपकत राहतं, आणि पुढे वेल्डिंग करताना जोडात शिरून फार त्रास देतं. मी ते सोडलं.

पेटीच्या तळाला पाणी निघून जायला जी भोकं असतात ती प्रायमरने, मेणाने किंवा चिखलाने बुजलेली नाहीत ना, हे तारेने बघत राहा. समुद्रावर नेलेली गाडी त्याच दिवशी गोड्या पाण्याने आतून धुवा. पाइप एका टोकाला लावायचा आणि दुसऱ्या टोकाकडून काय बाहेर येतं ते बघत बसायचं. आमच्या जीपमधून पहिल्यांदा वीसेक मिनिटं चहासारखं पाणी येत राहिलं. आता दर पावसाळ्यानंतर पाइप लावतो, आणि पाणी पाचव्या मिनिटाला स्वच्छ होतं.